काळी एक, काळी चार

नाशिकमध्ये शोकसभा हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. व्याख्यानं ऐकत वाढलेलं गाव. माणूस गेल्याचं दुःख खरंच असतं, नाही असं नाही, पण समोर माइक आणि सतरंजीवर ओळखीची शंभर डोकी दिसली की बोलणाऱ्याचा गळा तापतो आणि मग गेलेल्या माणसाचं काही खरं नसतं. काकांच्या सभेत तेच झालं. काकू आदल्या वर्षी गेल्या होत्या, त्यामुळे सभा नावाला काकांची आणि प्रत्यक्षात दोघांची होती. जो उठला तो एकच सांगत होता: दोघं अगदी एकरूप. दोन देह, एक मन. कलेची सेवा आणि समाजाची सेवा यांचा सुरेख संगम. एकांनी तर रामकुंडावरच्या अरुणा-गोदावरी संगमाचा दाखला दिला.

मी मागे भिंतीला टेकून बसले होते आणि मला हसू आवरत नव्हतं. तिवंध्याजवळच्या ज्या वाड्यात हे दोघं राहायचे, त्याच वाड्यात आम्ही राहायचो. आमचं स्वयंपाकघर आणि त्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि ती भिंत आढ्यापर्यंत पोचत नव्हती. माझं सगळं लहानपण भिंतीवरून येणारी भांडणं ऐकण्यात गेलं. मिठावरून, पैशावरून किंवा सासरच्या माणसांवरून ते कधी भांडल्याचं मला आठवत नाही. भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं आणि ते 56 वर्षं चाललं: गाणं कशासाठी? नाटक कशासाठी?

काकांचं म्हणणं, गाणं गाण्यासाठी. ते कुणाच्या तरी उपयोगी पडलंच पाहिजे असा हट्ट धरला की त्याची प्रचारफेरी होते. काकूंचं म्हणणं, स्वयंपाक करून झाकून ठेवायचा आणि वास किती छान सुटलाय म्हणत बसायचं, याला काय अर्थ आहे? वाढा की कुणाला तरी.

यात कुणीच कधी हरलं नाही. माझं मत विचाराल तर त्यांच्या हातून जे काम झालं ते त्यामुळेच. एकमत असतं तर एक तर नुसत्या मैफली झाल्या असत्या, नाहीतर नुसती शिबिरं.

काका नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. ही प्रेस 1928 पासूनची. ‘मुलगा प्रेसमध्ये आहे’ एवढं म्हटलं की मुलीकडचे पुढचं फारसं विचारत नसत, असा तो काळ. काका म्हणायचे, दिवसभर नोटा छापायच्या आणि संध्याकाळी नाटकासाठी पाच-पाच रुपयांची वर्गणी मागत मेनरोडवर फिरायचं, असं नशीब दुसऱ्या कुणाचं नसेल. कामावर जाता-येता झडती व्हायची, त्यामुळे खिशात काही ठेवायची सवयच त्यांना उरली नव्हती. पेनसुद्धा दुसऱ्याचं मागून घ्यायचे आणि परत करायला विसरायचे. काकू नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. 1982 मध्ये नाशिकची महापालिका झाली, शाळेवरची पाटी बदलली, काकूंचा वर्ग तोच राहिला, चौथी ब. शाळेतली मुलं त्यांना ‘बाई’ म्हणत आणि वाड्यातली ‘काकू’. मी त्यांच्याकडे गाणं शिकायला लागले तेव्हा क्लासात बाई म्हणायचं की काकू, या पेचात बरेच दिवस काहीच म्हणत नव्हते.

हिवाळा आला की वाड्यात राज्य नाट्य स्पर्धेचं वारं शिरायचं. ज्या गावात तात्यासाहेब शिरवाडकर आणि वसंत कानेटकर दोघंही राहायचे, संध्याकाळी फिरायला निघाले तर रस्त्यात समोरून यायचे, त्या गावात हौशी मंडळींनी नाटक बसवायचं म्हणजे अंगी थोडा निर्लज्जपणा लागायचा. काकांमध्ये तो भरपूर होता. प्रेसमधले चार, बँकेतले दोन, एक किराणा दुकानदार आणि कॉलेजातल्या दोन मुली, ज्यांच्या घरी जाऊन काकूंनी आयांना ‘रात्री मी स्वतः सोडायला येईन’ असा शब्द दिलेला असायचा. तालमी वाड्याच्या चौकात. नेपथ्य म्हणजे आमच्या सगळ्यांच्या घरातलं सामान.

आमच्या आजोबांची एक सागवानी आरामखुर्ची होती. लांब हातांची, वेताच्या बैठकीची. ती दरवर्षी नाटकात असायची. जमीनदाराच्या घरात तीच, वकिलाच्या घरात तीच, एका वर्षी तर वेड्यांच्या इस्पितळातही तीच. साईखेडकर नाट्यगृहात प्रयोग असला की आजी पहिल्या रांगेत बसायची आणि नाटकाकडे तिचं अजिबात लक्ष नसायचं. कुणी खुर्चीच्या हातावर पाय टाकला की ती शेजारणीला मोठ्यानं विचारायची, ‘हा कुणाचा मुलगा?’ प्रयोग संपल्यावर खुर्ची हातगाडीवरून परत यायची. सोबत काकू चालत यायच्या, हातात वही घेऊन. कुणाच्या घरून काय आणलं, कोणत्या अवस्थेत आणलं, परत केलं का, सगळं त्या वहीत. ‘डाव्या हाताला ओरखडा, आधीचाच’ अशी नोंद आमच्या खुर्चीसमोर होती आणि खाली आजीची सही घेतलेली होती. नाट्यसंस्था का बुडतात यावर खूप बोललं जातं. माझ्या मते त्यातल्या निम्म्या अशी वही नसल्यामुळे बुडतात.

या वहीच्या बदल्यात काकूंनी नाटकावर एक कर बसवला होता. स्पर्धेत नंबर येवो न येवो, स्पर्धेनंतर एक प्रयोग पेठकडच्या एखाद्या आश्रमशाळेत करायचा. काका दरवर्षी कुरकुरायचे. त्यांचं नाटक शहरी, त्यात लांबलचक स्वगतं, प्रकाशयोजनेवर बेतलेले प्रसंग. तिथे शाळेचा व्हरांडा, एक पेट्रोमॅक्स आणि जमिनीवर मांडी घालून बसलेली दीड-दोनशे मुलं. ‘त्यांना काय कळणार’ असं काका कधीच म्हणाले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. ते म्हणायचे, ‘माझं नाटक तिथे उभं राहत नाही. अर्धं नाटक दाखवणं म्हणजे त्या मुलांना फसवणं आहे.’

एका वर्षी होळी होऊन गेली होती. पेठ-सुरगाण्याचा तो पट्टा असा, की पावसाळ्यात नाशिक शहरापेक्षा कितीतरी जास्त पाऊस पडतो, सगळं पाणी उतारानं निघून जातं आणि मार्च लागला की बायका हंडे घेऊन डोंगर उतरायला लागतात. नाटकाच्या तिसऱ्या अंकात नायक मरतो. मरताना ‘पाणी... पाणी...’ म्हणत जवळजवळ तीन मिनिटं मरतो. नाशिकला या जागी पूर्ण शांतता असायची. इथे नायकानं दुसऱ्यांदा पाणी म्हटलं आणि पुढच्या ओळीतला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उठला, व्हरांड्याच्या टोकाला असलेल्या पिंपातून तांब्या भरला आणि मंचावर येऊन नायकाच्या तोंडाशी धरला. बाकीची मुलं अजिबात हसली नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नसावं. नायक आमचा किराणा दुकानदार. त्यानं एकदा विंगेकडे पाहिलं, उठून बसला आणि पाणी प्यायला. पडदा नव्हताच, त्यामुळे पाडता आला नाही. मी प्रॉम्प्टिंगला होते, हातातल्या संहितेत पुढे काय आहे ते मला दिसत होतं, पण ते कुणाला सांगायचं हे समजत नव्हतं.

परतीच्या एसटीत त्र्यंबक रोडला लागेपर्यंत कुणी बोललं नाही. मग काकू म्हणाल्या, ‘बघा. पोचलं की नाही नाटक?’ काका म्हणाले, ‘पोचलं कुठलं, मोडलं.’ हे दोन उद्गार पुढची तीस वर्षं त्या घरात वापरात होते. जेवताना, लग्नाला जाताना, टीव्हीवर मालिका बघताना. दोघंही तोच प्रसंग आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून सांगत. मला विचाराल तर काका बरोबर होते. नाटक मोडलंच होतं. पण पुढच्या वर्षीच्या नाटकात त्यांनी एकही स्वगत ठेवलं नाही आणि यामागचं कारण कुणाला विचारू दिलं नाही.

गाण्यात तर भांडण स्वरापासूनच होतं. काका पेटी वाजवायचे आणि बरं गायचे. त्यांचा स्वर काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. काकूंचा काळी चार. पेटी समोर असलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: काकूंचा षड्ज (सा) म्हणजे काकांचा पंचम (प). एकाच पट्टीत दोघांनी गायचं तर कुणा एकाला रडत-ओरडत गावं लागणार. पुरुष आणि स्त्री गायकांच्या जुगलबंदीतला हा जुनाच पेच. पंडित जसराजांनी त्यावर मूर्च्छनेचा, म्हणजे त्याच स्वरांमधल्या दुसऱ्या एखाद्या स्वराला षड्ज मानण्याचा, आधार घेऊन तोड काढली, जिला ‘जसरंगी’ म्हणतात. एकाचा मध्यम तो दुसरीचा षड्ज धरून दोघांनी दोन वेगळे राग गायचे आणि तरी ते एकमेकांत बसतात. तिवंध्याच्या वाड्यात एवढी विद्या नव्हती. तिथे गुरुवारचं भजन एका आठवड्याला काळी एकमध्ये व्हायचं आणि दुसऱ्या आठवड्याला काळी चारमध्ये. ज्याची पट्टी नसेल त्यानं त्या गुरुवारी टाळ वाजवायचे. हा करार मात्र दोघांनी निमूटपणे पाळला.

काकूंचा गाण्याचा क्लास संध्याकाळी साडेपाचला. पलुस्करांचं गाव असल्यामुळे नाशिकला या क्लासांची मोठी परंपरा आहे. विष्णु दिगंबरांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पण पुढे ते नाशकात येऊन राहिले, पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला, आणि त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्मही इथलाच, 1921 चा. गाणं घरंदाज बैठकीतून काढून मध्यमवर्गीय ओसरीवर आणायचं काम त्या परंपरेनं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या, ठरलेला अभ्यासक्रम, छापील स्वरलिपी, प्रमाणपत्र. काकूंचा या व्यवस्थेवर पूर्ण विश्वास होता. काकांना परीक्षा हा प्रकारच मान्य नव्हता. ‘भूप काय पस्तीस मार्कांत पास होतो होय?’ असं ते क्लास चालू असताना आतल्या खोलीतून ओरडायचे.

काकूंच्या क्लासला गंजमाळच्या वस्तीतल्या तीन-चार मुली असायच्याच. त्यांच्याकडून त्या फी घेत नसत, उलट परीक्षेचं शुल्क स्वतः भरत, आणि हे वहीत ‘उसने’ या सदरात लिहीत, म्हणजे मुलींना मिंधं वाटू नये. प्रमाणपत्र हा त्यांचा मुद्दा होता. ‘तुमचा भूप त्या मुलीला नोकरी देणार आहे का? विशारद झाली तर कुठल्यातरी शाळेत संगीताची बाई म्हणून लागेल.’ आणि खरोखरच एक लागली. पुढे, 2017 च्या सुमारास, दहावीला शास्त्रीय गायन-नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळायला लागले तेव्हा सगळ्या शहरातल्या क्लासांना अचानक गर्दी झाली. काकूंच्या दारात स्कूटरवरून आया यायला लागल्या. त्या वेळी मात्र काकू वैतागून काकांना म्हणाल्या, ‘तुमचं खरं होतं हो, गाण्याचा बाजार झाला.’ काकांनी तेवढ्यापुरती बाजू बदलली. ‘येऊ दे ग,’ म्हणाले, ‘गुणांसाठी आलेल्यांतला एखादा सुरासाठी थांबतो.’ मी त्या दिवशी भेटायला गेले होते आणि दोघांना एकमेकांची वाक्यं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. माझी तर करमणूक झाली.

आता टेपरेकॉर्डरबद्दल. 80 च्या दशकात कधीतरी काकूंनी अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून कॅसेटवर भरून द्यायचं काम घेतलं. ब्रेलमधली पुस्तकं थोडी आणि महाग, त्यात बारावीच्या पुढची तर मिळतच नसत. काम वरवर सोपं, करायला लागलं की जीव जातो. पुस्तकाचं नाव, प्रकरण, पान क्रमांक आधी सांगायचा. आलेख आला तर तो शब्दांत सांगायचा: ‘आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत, रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते.’ कंस कुठे उघडला आणि कुठे बंद झाला हे सांगायचं. चुकलं की टेप मागे घेऊन बरोबर त्याच जागी पुन्हा सुरू करायचं. सी-नाइन्टी कॅसेटच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. धडा मध्येच संपला तर काय करायचं यावरही वाद.

रेकॉर्डिंग रात्री साडेदहानंतर, वाडा झोपल्यावर. खिडक्या बंद, दारावर गोधडी. जाड मातीच्या भिंती असल्यामुळे आवाज छान घुमायचा नाही, हा वाड्याचा एक फायदा. भिंतीची वरची फट मात्र आमच्याकडे उघडी, त्यामुळे साडेदहानंतर आमच्या घरात भांडं पडणं हा गुन्हा होता. काका वाचायला बसले की त्यांच्यातला नट जागा व्हायचा. शिवाजी महाराजांचा आग्र्याचा प्रसंग असा वाचायचे की अंथरुणात मी उठून बसायचे. काकू टेप बंद करायच्या. ‘अहो, त्या मुलाला परीक्षा द्यायचीये. टाळ्या नाही वाजवायच्या.’ काका म्हणायचे, ‘आणि तू वाचतेस तसं वाचलं तर तो परीक्षेला उठणारच नाही.’ शेवटी विषयांची वाटणी झाली. इतिहास आणि मराठी काकांकडे. अर्थशास्त्र, नागरिकशास्त्र आणि तर्कशास्त्र काकूंकडे. मानसशास्त्रावर दोघांनीही हक्क सांगितला, म्हणून एक प्रकरण यांनी, एक त्यांनी.

शोकसभेत शेवटी एक गृहस्थ बोलले. पांढरी काठी होती, पन्नाशीचे, एका सरकारी कार्यालयात नोकरीला. त्यांनी संगमाचा दाखला दिला नाही. म्हणाले, ‘सरांचा इतिहास मी गोष्ट म्हणून ऐकायचो आणि बाईंचं अर्थशास्त्र अभ्यास म्हणून. मार्क अर्थशास्त्रात जास्त पडले.’ मग म्हणाले की, एका कॅसेटमध्ये घटत्या सीमांत उपयोगितेच्या नियमाच्या ऐन मध्यावर कुकरची शिट्टी होते आणि मागून बाई कुणाला तरी म्हणतात, ‘गॅस बंद कर ग.’ हा नियम त्यांना आजही कुकरसकट पाठ आहे. सभागृह हसलं. ती ‘ग’ म्हणजे मी.

1999 च्या मार्चमध्ये तात्यासाहेब गेले तेव्हा काका दोन दिवस जेवले नाहीत. काकूंनी त्यांना तसं राहू दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना घेऊन कुसुमाग्रज प्रतिष्ठानात गेल्या आणि आदिवासी भागातल्या कामासाठी नाव नोंदवून आल्या. दोघांचंही. काकांना विचारलं नव्हतं.

पुराच्या वेळची गोष्ट थोडक्यात सांगते. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि पूर मोजायला त्यांच्याकडे नदीपात्रातला दुतोंड्या मारुतीचा पुतळा आहे. मारुतीच्या गुडघ्याला पाणी म्हणजे बघायला जायचं, कमरेला लागलं की भांडीबाजारातले लोक माल हलवायला लागतात, छातीच्या वर गेलं की सराफबाजाराचं काही खरं नाही. 19 सप्टेंबर 2008 ला मारुती पूर्ण बुडाला होता. काठच्या वस्तीतली कुटुंबं काकूंच्या ओळखीच्या एका शाळेत आणली. काका पेटी घेऊन निघाले तेव्हा काकू दारातच आडव्या झाल्या: ‘लोकांना कोरडे कपडे हवेत. यमन नकोय.’ काका मुकाट्यानं पेटी ठेवून गाद्या उचलायला गेले. दुसऱ्या रात्री शाळेतून निरोप आला, काकूंचाच: येताना पेटी आणा, मुलं झोपत नाहीत. काका पेटी घेऊन गेले आणि तिथे भल्या पहाटेपर्यंत जे वाजवलं ते सगळं काळी चारमध्ये.

2016 च्या 2 ऑगस्टला पुन्हा तसाच पूर आला. तोवर दोघंही पंचाहत्तरीच्या आसपास. कुणी त्यांना घाटाच्या बाजूला फिरकू दिलं नाही. घरात बसून फोनवरून सगळ्यांना कामाला लावणं त्यांनी केलं, आणि फोन कुणी धरायचा यावर भांडले.

फाळक्यांचं राहिलं. दादासाहेब फाळके हे काकांचं दैवत. त्र्यंबकेश्वरचा जन्म, 30 एप्रिल 1870. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला मुंबईत लागला आणि लगेच फाळके कंपनी घेऊन नाशकात आले. गेले तेही नाशकातच, 1944 च्या फेब्रुवारीत. दर तीस एप्रिलला काका वाड्यातल्या आणि क्लासातल्या मुलांना पांडवलेणीच्या पायथ्याशी न्यायचे आणि सिनेमा कसा जन्मला ते सांगायचे. काका सांगायचे ते खरंच ऐकण्यासारखं असायचं, वाटाण्याच्या वेलाच्या वाढीचं चित्रीकरण वगैरे. पण पंधरा-वीस मिनिटं झाली की काकू मध्येच उभ्या राहायच्या. ‘आता सरस्वतीबाईंचं ऐका.’

मग ऐकावं लागायचं. त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडलेली नसत. ती अंधारात बसून एकेक पाडायचं काम सरस्वतीबाईंचं. फिल्म धुण्याची रसायनं तयार करायची त्या. चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या, प्रकाश नटांच्या तोंडावर पडावा म्हणून. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक त्यांच्याकडे. दागिने गेले ते वेगळेच. काकूंचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं: ‘तारामतीचं काम एका पुरुषानं केलं, आणि पुरुषांची म्हणून जी कामं समजतात ती सरस्वतीबाईंनी.’ मुलांना तेवढंच आठवायचं. हा रोख कुणावर होता ते आम्हाला मोठं झाल्यावर कळलं. काकांच्या नाटकांच्या पत्रिकेवर शेवटी ‘विशेष सहकार्य’ म्हणून काकूंचं नाव ‘सौ.’ लावून छापायची पद्धत होती. एका वर्षी छापून आलेल्या दोनशे पत्रिकांवर काकूंनी स्वतः निळ्या शाईनं ते खोडलं आणि वर ‘व्यवस्थापक’ असं लिहिलं. दोनशेच्या दोनशे. काका त्या रात्री शेजारी बसून शाई वाळवायला टिपकागद दाबत होते आणि एकीकडे म्हणत होते, ‘अगं, पण अक्षर तरी नीट काढ.’

यात काकांचं सगळं चांगलंच होतं असं मला म्हणायचं नाही. तालमीच्या दिवसांत घर, दोन मुलं, शाळा आणि वही हे सगळं काकूंच्या अंगावर असायचं. काका रात्री एकला आले तरी ताट वाढलेलं असायचं. काकूंचं अर्थशास्त्राचं एम.ए. अर्धवट राहिलं ते राहिलंच. शोकसभेत ‘साथ दिली, साथ दिली’ असं जे चाललं होतं त्यानं मला चीड येत होती ती यामुळे. काकू साथीला बसल्या नव्हत्या. त्यांचं स्वतःचं गाणं वेगळं होतं आणि ते त्या मोठ्यानं गात होत्या.

रंगपंचमीला तिवंध्याच्या रहाडीत काका साठीनंतरही धप्पा मारायचे. पेशवाईपासूनच्या त्या दगडी हौदात उंचावरून उडी घेऊन रंगीत पाणी दहा फूट उडवायचं, हा आमच्या नाशिकचा खास वेडेपणा. वर उभ्या राहून काकू ओरडायच्या, ‘हे कुठल्या कलेत बसतं?’ हे इथे खरं तर बसत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वाडा पुढे पाडला. दोघं गंगापूर रोडला मुलीच्या जवळ फ्लॅटमध्ये आले. वयाबरोबर काकूंचा आवाज उतरला. काळी चारवरून काळी तीनवर, मग काळी दोनवर. म्हणजे आता दोघांना जवळपास एका पट्टीत गाता आलं असतं. पण तोवर काकांना ऐकू येईनासं झालं होतं. यंत्रातून येणारा सूर त्यांना खोटा वाटायचा आणि ते यंत्र काढून ठेवायचे. पेटी वाजवत तशीच, बोटांच्या आठवणीवर, आणि काकू समोर बसून हातानं सांगायच्या: चढलात, उतरा. खरं तर पेटीवर माणूस चढत-उतरत नाही, स्वर ठरलेले असतात. काकांच्या हे लक्षात होतं. तरी ते मान डोलवायचे.

काकूंनी नेत्रदान आणि देहदानाचे अर्ज केव्हाच भरले होते. नेत्रदानाच्या सूचना फ्रिजवर चिकटवलेल्या, चौथी बच्या फळ्यावर असतात तशा अक्षरात: सहा तासांच्या आत कळवा, पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यावर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, डोक्याखाली उशी द्या. 2022 मध्ये त्या गेल्या तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मुलीनं सगळं त्या कागदाप्रमाणे केलं. पंखा काकांनी बंद केला. सकाळी देह मेडिकल कॉलेजला गेला. काकांना देहदान मान्य नव्हतं, स्वतःपुरतं. ‘मला अमरधामला न्या, गंगेकाठी. मी नाटकवाला माणूस आहे, मला शेवटचा प्रवेश नीट हवा.’ डोळे मात्र त्यांनीही दिले. एवढ्या एका बाबतीत काकू जिंकल्या म्हणायच्या, तेही निम्म्या.

आता पेटी. डबल रीडची, जर्मन सुरांची, काकांनी प्रेसच्या पहिल्या बोनसमधून घेतलेली. काका गेल्यावर उशीखाली त्यांच्या हातची चिठ्ठी मिळाली: पेटी विकायची नाही, जी मुलगी सगळ्यांत सुरेल वाजवेल तिला द्यायची. आणि काकूंच्या वहीत, शेवटून तिसऱ्या पानावर, दोन वर्षं आधीची नोंद: पेटी विकावी, येतील ते पैसे मुलींच्या परीक्षा शुल्काला ठेवावेत.

मुलगी आयुष्यभर आईच्या बाजूनं बोलत आली, ती आता म्हणते पेटी विकायची नाही. मुलगा पुण्याहून फोनवर आईची वही वाचून दाखवायला सांगतो. मध्यंतरी मी गेले तेव्हा मुलीनं पेटी दुरुस्तीला दिली होती. भाता फाटला होता आणि दोन सूर चिकटले होते. मुलगा म्हणाला, उत्तम, दुरुस्त झाली की किंमत चांगली येईल. ती म्हणाली, किंमत येण्यासाठी नाही दिली, वाजण्यासाठी दिलीये. बिल कुणी भरायचं, हे अजून ठरायचंय.